हजेरीच्या रांगेतले किशनभाऊ

किशनभाऊ,

हिमायतनगरला तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. मंडपात अगदी मागे, खांबाला टेकून बसलो होतो. भंतेजींचं सूत्रपठण झालं, मग भाषणं सुरू झाली. प्रत्येकाला तुमचा सिनेमातला चेअरमनच आठवत होता. एका वक्त्यानं तर तुमचं ते पोट धरून हसणं करून दाखवलं. मंडप हसला. समोर पांढऱ्या साडीत वहिनी बसल्या होत्या, त्याही हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून बराच वेळ तशाच राहिल्या. "मुंबईहून सिनेमाचे संकलक आलेत, दोन शब्द बोलतील," असं कुणीतरी माइकवरून म्हणालं. मी बसल्या जागेवरून हात जोडले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. "ह्यानं सोताच्या तोंडालाबी कात्री लावून घेतली हाय," असं तुम्ही सगळ्या युनिटसमोर म्हणायचात, आणि मी हसून मान खाली घालायचो.

निघताना लातूरच्या मंडळींनी मला गाठलं. त्यांना तिथल्या सभागृहात तुमच्यासाठी एक संध्याकाळ करायची आहे. तुमच्या उत्तम भूमिकांमधले तुकडे जोडून तासाभराची फिल्म दाखवायची, आणि ते जोडकाम मी करायचं. "तुमच्याएवढं त्यांना कुणी बघितलेलं न्हाई," असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. बोलता बोलता म्हणाला, पण खरंच बोलला. वहिनींनीही तुमच्याकडे इतकं बघितलं नसेल. तुमचा चेहरा मी थांबवून बघितला, मागे नेऊन बघितला, आवाज बंद करून बघितला. तुमची डावी पापणी उजवीच्या आधी मिटायची, हे तुम्हालाही माहीत नसेल. तुम्ही मात्र मला किती बघितलंत कुणास ठाऊक. संकलकाकडे कोण बघतं.

घरात आता मी एकटाच असतो. टेबलावर जुन्या कॅसेटी पसरल्यात आणि तुम्ही एकामागून एक येऊन जाताय. आवाज तुमचाच, ऐकणारा मी एक.

सुरुवात हवालदारानं करायची, हे मी ठरवून टाकलं. मी तेव्हा सहायक होतो, तुकड्यांना नंबर घालायचो. नायकाची आई पोलीस चौकीत रडते, असा प्रसंग होता. तुम्हाला एकही वाक्य नव्हतं, नुसतं काठी घेऊन मागे उभं राहायचं. आईच्या रडण्यात मध्येच कॅमेरा हलला होता आणि माझे गुरू वैतागले होते. "मध्ये काहीतरी लाव रे, कुणाचाही चेहरा लाव." मी शोधत शोधत तुमच्यापाशी आलो. बाकीचे हवालदार कॅमेऱ्यासाठी उभे होते. तुम्ही एकटे त्या बाईचं ऐकत होता. ऐकता ऐकता तुम्ही काठी जमिनीवरून अलगद उचललीत, तिचा आवाज होऊ नये म्हणून. तो तुकडा लावला आणि सगळा प्रसंग उभा राहिला. तेव्हापासून आमच्या खोलीत म्हणच पडली, अडलं की किशनवर जा. नट बोलणारे पुष्कळ मिळतात. ऐकणारा नट संकलकाला देवासारखा वाटतो, कारण बिघडलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर आणून टेकवता येतं.

मग कंडक्टर. निर्मात्याला तुमचा आवाज बदलून दुसऱ्याचा हवा होता, शुद्ध, पुण्याकडचा. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कंडक्टर नांदेड डेपोचा न? मग त्यानं बोली कुठल्या डेपोची आणायची?" आणि तुमचा आवाज राहिला. त्यातल्या कोंबडीच्या प्रसंगाला लोक अजून हसतात. म्हातारीच्या पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर आलेलं आणि तुम्ही तिकिटांची पेटी उघडून उभे.

"मावशी, कोंबडीचं तिकीट काढा."

"ती काय सीटवर बसली का रे मुडद्या?"

"बसली न्हाई, पण उतरायचीबी न्हाई न मधी."

"मग उभ्याचं किती?"

यावर तुम्ही हसला नाहीत. गंभीरपणे कोंबडीकडे बघितलंत, जणू तिचं वय बघून अर्धं तिकीट द्यावं का याचा विचार चाललाय, आणि घंटीची दोरी ओढलीत. तेवढं थांबणं पटकथेत नव्हतं. ते मी पुरं ठेवलं. चांगलं काम केल्याचा आनंद मला आयुष्यात थोड्या वेळा झाला, त्यातली ती एक वेळ.

चेअरमनची दहा वर्षं मी गाळणार होतो. मंडपात सगळे त्यालाच हसत होते म्हणून पुन्हा बसून बघितली. सारखं ते पान, ती सोन्याची अंगठी, ते हसणं. पण एका सिनेमात मोटारीचं दार बंद होतं, बाहेरची माणसं मागे पडतात आणि तुमचं हसू आणखी थोडा वेळ चालू राहतं, ऐकायला कुणी नसताना. मग ते उतरतं आणि खाली एक दमलेला माणूस निघतो. ते मी तेव्हाही कापलं नव्हतं. आता सबंध घेतो.

आणि शेवटचा दवाखान्यातला म्हातारा. बायको आत आहे, तिच्या चपला बाहेर काढून तुमच्या हातात दिलेल्या. कुणीतरी चहा आणून देतं. चपला खाली ठेवून चहा घ्यायला काय हरकत होती? तुम्ही त्या काखेत धरल्यात, हात पँटला पुसलात आणि मग कप घेतलात. त्या सिनेमाला फारसं कुणी गेलं नाही. मी थेटरात जाऊन बघितला, आणि पुन्हा तिकीट काढून आत बसलो.

इतकं लावून झालं तरी फिल्म रिकामी वाटते. कंडक्टर आणि चेअरमन यांच्या मधला सिनेमा मी सारखा बाजूला सारतोय. त्यातलं तुमचं सगळ्यांत मोठं काम कुणी बघितलेलं नाही. ते मी कापून काढलं, किशनभाऊ. वितरकानं नाही.

आता लिहायलाच बसलोय तर नीट लिहितो.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता, आणि त्या साली पाऊस पुन्हा दडी मारून बसला होता. दुष्काळावरचा सिनेमा रेणापूरच्या बाजूला करायचा ठरला. आधीच्या, बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट होती, पण रान बदलायची गरज पडली नाही. मी याच भागातला म्हणून दिग्दर्शकानं मला पहिल्यांदाच चित्रीकरणाला बोलावलं. नांदेडहून तुम्ही आणि मी लातूरच्या एस.टी.त बसलो. पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ नव्या जिल्ह्याचं कौतुक सांगत होता.

"आता कलेक्टर आमच्या दारात हाय. उस्मानाबादचे हेलपाटे संपले."

"दारात बसून काय करायलाय?" तुम्ही विचारलंत. "पाणी वाटायलाय का?"

"पाणी न्हाई अजून. पर पाट्या लई लावल्यात."

"मग पाट्याच उकळून प्या," तुम्ही म्हणालात, आणि सगळी गाडी हसली, तो गृहस्थही. तुमच्या तोंडून टोमणा आला की माणसाला मान मिळाल्यासारखं वाटायचं.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली.

"शिवा, घर हितंच न तुझं?"

"हो. बाजाराच्या मागं."

"मग उतर की. म्हाताऱ्याला भेटून पुढच्या गाडीनं जाऊ."

"नको."

"भांडण हाय का?"

"नाही."

"मग काय करून राहिलास खिडकीत तोंड घालून?"

गाडी सुटली. गाव मागे पडलं तेव्हा मी बोललो, तेही बाहेर बघत. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, बायकोलाही नाही.

आमचे अप्पा कापडवाले. दुकान नव्हतं, सायकलीवर गठ्ठा बांधून आठवडी बाजार करायचे. जातीचे वाणी, कपाळाला भस्म, डोक्यावर पांढरी टोपी, आणि माप घेताना हात कधी आखडता नसे. बहात्तर साली लोकांनी घरातली भांडी विकायला काढली, तिथं कापड कोण घेणार? तरी अप्पा गठ्ठा बांधून निघायचे, "लोह्याकडचे बाजार करतो" म्हणायचे आणि चार-सहा दिवसांनी परतायचे. गठ्ठा जसा नेला तसाच परत यायचा. घरात ज्वारी मात्र यायची. एकदा धाकट्या बहिणीला ताप चढला आणि आईनं मला त्यांना बोलवायला धाडलं. बाजारच्या गावी पानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "कापडवाले अप्पा? ते कवाचे खडीवर हायेत की."

रस्त्याच्या दुष्काळी कामावर शेकडो माणसं खडी फोडत बसली होती. सगळी पांढरी, धुळीनं. चुकाऱ्याची रांग लागली होती आणि टेबलाशी एक तरुण कारकून हजेरी बघून मजुरी वाटत होता. अप्पा रांगेत होते. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून मला आधी ओळखूच आले नाहीत. मी पाण्याच्या टँकरच्या आडोशाला थांबलो. त्यांची पाळी आली. कारकून नाव शोधत होता. आणि अप्पांचा हात पुढे गेला. त्यांनी कारकुनाच्या शर्टाची बाही चिमटीत धरली, चोळून बघितली आणि विचारलं, "पोत चांगला हाय साहेब. काय भावानं घेतलं?"

कारकुनानं हात झटकला. "ए, हात काढ. घाण लागंल." रांग हसली.

मी तिथून वळलो. आईला म्हणालो, भेटले नाहीत. चार दिवसांनी अप्पा आले, टोपी घालून, स्वच्छ सदऱ्यात. आईनं विचारलं, "बाजार कसा झाला?" ते म्हणाले, "बरा झाला." त्यांच्या भुवयांत पांढरी धूळ राहिली होती. धुवायला घरात पाणी नव्हतं. आईनं काही न बोलता पदराच्या टोकानं ती पुसली. म्हणजे तिलाही माहीत होतं. आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि ते माहीत असणं आम्ही तिघंही एकमेकांपासून लपवत राहिलो.

एवढं सांगून झालं. चाकूर आलं. मग तुम्ही फक्त म्हणालात, "बरं झालं बोललास."

दोन दिवसांनी मी मुंबईला परतलो. हजेरीचा प्रसंग शेवटच्या आठवड्यात चित्रित झाला. पटकथेत तो ओळभराचा होता, मजूर मजुरी घेतो आणि जातो. डबे माझ्याकडे आले, मी रीळ चढवलं आणि पडद्यावर अप्पा आले.

तुम्ही रांगेत तिसरे होता. तुमचा हात मधूनमधून डोक्याकडे जायचा आणि टोपी नाही हे कळून कानामागे खाजवून परत यायचा. हे मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं. टेबलाशी आल्यावर तुम्ही खाली बघत उभे होता, मान पडलेली, इतर मजुरांसारखीच. मग नजर त्या बाहीवर गेली. आणि त्या चेहऱ्यात काहीतरी उजेडल्यासारखं झालं. एवढ्या धुळीत, एवढ्या उन्हात, त्या माणसाला नीट कळणारी एक गोष्ट समोर आली होती. घडीभर तो मजूर राहिलाच नाही. तो बाजारातल्या आपल्या पालात, आपल्या गठ्ठ्यामागे बसला होता आणि समोर गिऱ्हाईक होतं. हात आपोआप गेला. कारकुनानं झटकला. लोक हसले. तुम्हीही हसलात, पण ते हसू ओशाळलेलं नव्हतं. रागावलेल्या गिऱ्हाइकाला समजावावं तसं तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय साहेब, बरोबर हाय." मजुरी घेऊन बाजूला झालात. आणि चालता चालता रिकामी बोटं पुन्हा एकदा एकमेकांवर चोळलीत. कापड हातात नव्हतं, पोत अजून होता.

माझे अप्पा नंतर काय करत गेले, हे मी बघितलंच नव्हतं. मी टँकरमागून निघून आलो होतो. पुढचं तुम्ही मला दाखवत होता.

एवढं मोठं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. हे तेव्हाच, त्या खोलीतच मला कळलं होतं. म्हणून म्हणतो, चुकून कापलं असं मला म्हणता येत नाही.

सिनेमा लांबला होता. वितरक म्हणाला कमी करा, इथवर ते खरं आहे. दिग्दर्शक आजारी होते, थकले होते. "हजेरीचा प्रसंग किंवा टँकरवरचं गाणं, दोन्हीतलं एक काढ. तू ठरव, मला आता काही दिसत नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, "हजेरीचा काढू. तिथं गती थांबते." संकलकानं असं म्हटलं की कुणी उलटून विचारत नाही. थेटरात बसलेली सगळी माणसं माझ्या अप्पांना हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या रांगेतली हसली तशी.

मुंबईत सगळ्या युनिटसाठी खेळ लावला, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. दिवे लागले. तुम्ही हळूच विचारलंत, "माझं हजेरीचं काढलं का रे?"

"वितरकानं काढायला लावलं."

"खरं सांग शिवा. जमलं न्हाई, आसंच न?"

मी मान खाली घातली. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "जाऊ दे. तू कशाला तोंड पाडतोस. माझंच कमी पडलं." तुमचं सगळ्यांत चांगलं काम मी मारलं होतं आणि तुम्ही मला धीर देत होता.

पुढच्याच वर्षी तुम्ही पहिला चेअरमन केलात. एकदा धीर करून मी म्हणालो होतो, "भाऊ, एवढं मोठ्यानं कशाला करता? तुम्हाला गरज नाही त्याची." तुम्ही पान चघळत म्हणालात, "बारीक केलेलं तुम्ही लोक कापून टाकता न." तुम्ही हसत म्हणालात. दहा वर्षं आपण या एकाच विषयावर कडेकडेनं भांडत राहिलो, मोठं की बारीक, आणि दर वेळी मी भांडण अर्ध्यावर सोडलं, कारण पुढे गेलो असतो तर सांगावं लागलं असतं.

मागल्या उन्हाळ्यात तुमची तब्येत बिघडल्याचं कळलं. ठरवून आलो हिमायतनगरला. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता. वहिनींनी चहा दिला. आपण टँकर किती दिवसांआड येतो ते बोललो, कोण कोण गेलं ते बोललो. तुम्ही विचारलंत, "अप्पा कसे हायेत?" मी म्हणालो, "बरे आहेत. ऐकू कमी येतं." मग बोलण्यात खंड पडला. त्या खंडात माझं वाक्य अगदी दातांशी आलं होतं. तुम्ही वाट बघत होता, असं आता वाटतं. तुम्ही ऐकणारे होता. मी घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणालो.

लातूरच्या फिल्मसाठी मी त्या तुकड्यांचा शोध घेतला. स्टुडिओ बंद पडलाय, डबे भंगारात गेलेत. कुठंच काही उरलेलं नाही. तुमचं ते काम आता फक्त माझ्या डोळ्यांत आहे, आणि माझ्या डोळ्यांचा काय भरवसा.

तुमच्या पुण्यानुमोदनाहून परतताना नांदेडला मी लातूरची एस.टी. धरली आणि या वेळी अहमदपूरला उतरलो.

अप्पा धाकट्या भावाकडे असतात. पुढच्या खोलीत पलंगावर बसलेले होते, टोपी घालून. मी सांगितलं, किशनभाऊ गेले.

"कळलं," अप्पा म्हणाले. "लई गुणाचा माणूस. आपल्या घरी येऊन गेला व्हता तो."

मला वाटलं, वयामुळे घोटाळा होतोय. "कधी?"

"तुमचं ते दुष्काळाचं शूटिंग चालू व्हतं, तवा. तू गेला व्हतास मुंबईला. दुपारच्या गाडीनं आला, एकटाच. म्हणला, अप्पा, तुमच्या लेकानं मला एक गोष्ट सांगितली. मला ती सिनेमात करायची हाय. पर गोष्ट तुमची, तुम्हाला इचारल्याबिगर मी कशी करू?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"आधी काईच म्हणलो न्हाई. तू ते बघितलं व्हतंस, हे मला तवाच कळलं. मग म्हणलो, कर बाबा, पर नीट कर. लई येळ बसला. मी कापड कसं बघतो, टोपी न्हाई म्हणून हात कसा वर जायचा, समदं इचारून घेतलं. तुझी आई भाकरी थापायली आन हा चुलीपाशी बसून खायला. पाव्हणा म्हणून बाहीर बसा म्हणलं तर ऐकंना. जाताना करून दावलं. तुझी आई रडायली."

माझी आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं तुम्हाला बघितलं होतं, ते काम करताना. मला हे कुणीच सांगितलं नाही. आमच्या घरात कुणी काही सांगत नाही, हे तुम्ही त्या एका दुपारी ओळखलं असणार.

"सिनेमा लागला तवा आम्ही दोघं लातूरला गेलो," अप्पा पुढे म्हणाले. "शेवटपतोर बसलो. आलंच न्हाई ते. पुढं कवातरी स्टँडवर गाठ पडली. मला बघून आधी पाया पडला. म्हणला, अप्पा, मला जमलं न्हाई म्हणून काढून टाकलं, माफी करा. मी म्हणलं, आसं कसं जमलं न्हाई? आम्ही बघितलं की."

हे तुम्ही खरंच मानत होता, किशनभाऊ? की कात्री कुणाच्या हातात होती हे ओळखून लेकाची चूक बापाला कळू दिली नाहीत? दोन्ही मला सारखंच जड आहे. आणि आता विचारायला कुणी नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "ते मी काढलं."

"आं?"

"मी काढलं ते."

"जरा मोठ्यानं बोल."

"मी कापलं ते, अप्पा. त्यांना जमलं होतं. लई चांगलं जमलं होतं. मी काढून टाकलं." मी ओरडून सांगत होतो. आतून भावजय दारात येऊन उभी राहिली. जन्मात एवढ्या मोठ्यानं मी बोललो नव्हतो.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "का बरं?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"त्या पोरानं हात झटकला. लोक हसले तुम्हाला."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "खडी फोडायची मला लाज वाटायची. म्हणून तर लोह्याकडं जायचो. कापड बघायची कसली लाज? दिसभरात तेवढंच एक काम मला येत व्हतं." आणि जरा थांबून, "चांगलंच व्हतं ते कापड. मिलचं."

भावजयीनं चहा आणला. अप्पांनी बशीत ओतून घेतला, फुंकर घातली, पण प्याले नाहीत. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं.

लातूरच्या मंडळींना मी कळवलंय की फिल्म संपल्यावर मला बोलायचं आहे. बोलता येईल की नाही, माहीत नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हणून हे लिहिलं. तुमच्या कामाबद्दल सांगताना माझ्याबद्दलच बोलत बसलो, त्याबद्दलही माफ करा.

अहमदपूरचं एक सांगायचं राहिलं. अप्पांनी चहा न पिताच बशी खाली ठेवली. "तू ते पडद्यावर बघितलंस न? पुरं?"

"पुरं. पुष्कळ वेळा."

"मग दाव की. कसं केलं व्हतं त्यानं?"

"मला येत नाही अप्पा. मी नट नाही."

"दाव जसं येईल तसं. मी काय तिकीट काढून बसलोय?"

मी उठलो. पलंगापासून चार पावलं मागे जाऊन उभा राहिलो, रांगेत उभं राहावं तसा. तुमच्यासारखी मान खाली घातली. हात डोक्याकडे नेला, परत आणला. पुढे झालो आणि अप्पांच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली. कापडाखाली त्यांचं मनगट लागलं, अगदी बारीक झालेलं. विचारायचं वाक्य मला आठवत होतं, पण तोंडातून निघेना.

अप्पांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि मान हलवली.

"आसं न्हाई रे. आंगठा आतून घालतेत. वरून कापडाचा रंग कळतो, पोत आतून कळतो."

त्यांनी माझी बोटं सोडवली, बाही उलटवली आणि माझा अंगठा धरून आत ठेवला. तुमचा आतूनच होता, किशनभाऊ. मी थांबवून बघितलंय.